हौसाची ‘ना’

पेण स्टेशनच्या रिक्षास्टँडवर हौसाला ‘ना-मावशी’ म्हणतात. तोंडावर म्हणायची छाती फार थोड्यांना होते, कारण हौसाच्या हातात बहुतेक वेळा पितळी मापटं असतं आणि तिचा नेम चांगला आहे. पण पाठीमागे म्हणतात, हसतात, आणि स्टँडवर नवीन कोणी आला की नाव कशावरून पडलं ते त्याला सांगतात. सांगताना निम्मं चुकीचं सांगतात. म्हणून झालं ते एकदा नीट, तारीखवार सांगितलं पाहिजे.

हौसा कासूची. वय एकसष्ट. नवरा हैबतराव जाऊन नऊ वर्षं झाली. घरची दीड एकर जमीन, तिच्यात पावसाळ्यात भात आणि भात निघालं की त्याच ओलीवर वाल. नुसते वाल विकून कोणाचं भागत नाही. बिरडं विकून थोडंफार भागतं. वाल संध्याकाळी भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी फडक्यात आवळून बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात सोडून एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा. टरफल बोटांत राहतं, दाणा टुणकन परातीत पडतो. हे सोललेलं बिरडं संध्याकाळपर्यंत टिकतं, पुढे आंबूस वास मारतं. एक दिवस गिऱ्हाईक चुकलं की तीन दिवसांची मेहनत गुरांच्या घमेल्यात.

बावीस वर्षं ती कासूहून सकाळच्या गाडीनं पेणला येते आणि स्टेशनातून बाहेर पडल्यावर डाव्या हाताला, वाटेच्या तोंडाशी बसते. ती वाट म्हणजे मूळचा शेताचा बांध. दोन्हीकडची शेतं गेली, तिथे सोनचाफा एन्क्लेव्ह नावाच्या चार इमारती उभ्या राहिल्या, पण बांध वाट म्हणून राहिला. स्टेशनमागच्या कातकरीवाडीतली माणसं त्याच वाटेनं बाजाररस्त्याला जातात, दवाखान्यात जातात. गणपतीच्या कारखान्यांत रंगकाम करणाऱ्या बायका गाडीतून उतरून त्याच वाटेनं कामावर पळतात. वाट नसेल तर मोठ्या रस्त्यानं दीड किलोमीटरचा वळसा.

हौसाच्या शेजारी बसते पारी. पारी कातकरीवाडीतली, पावसाळ्यात खेकडे आणि रानभाज्या, एरवी कंद आणि जळणाची मोळी. दोघींची फडकी एकमेकींना लागून असत. पारीला अक्षरओळख नाही. हौसा चौथी पास आहे, आणि ते तिनं कधी कोणाला विसरू दिलं नाही. बिरडं बांधायच्या रद्दीतली बातमी ती पारीला मोठ्यानं वाचून दाखवायची. अर्धी बातमी फाटलेली असायची, मग उरलेली स्वतःच्या मनानं पुरी करायची.

“मंग त्या चोराला पकडला का नाय?” पारी विचारायची.

“पकडला. नि धुतला पन.”

“तसं लिवलंय?”

“लिवलंच आसनार गो. फाटलंय तितं.”

तर तारीख ११ नोव्हेंबर २०२४, सोमवार. वाट बंद होणार अशी कुजबुज आठवडाभर चालू होती. सोनचाफ्यातल्या लोकांना आपल्या खिडकीखालून मोळ्या आणि मासळीच्या पाट्या जाताना बघवत नव्हत्या. हौसाच्या डोक्यात तेव्हापासूनच निखारा होता. त्या दिवशी सोसायटीचा सेक्रेटरी विशाल तिच्यासमोर उभा राहिला. पंचेचाळीसच्या आसपासचा, गोड बोलणारा माणूस. दर सोमवारी अर्धा किलो बिरडं नेणारा.

“मावशी, कडू नाहीत ना हो?”

“वाल हायेत ते. कडू नको तर दुधी खावा.” हौसानं मापटं भरलं, पण पुढे केलं नाही. “वाट बंद करताय म्हनं?”

“मी कोण बंद करणार? सोसायटीत बोलणं चाललंय, एवढंच. आणि नियमानं आधी वाट वापरणाऱ्या लोकांना विचारावं लागतं. त्याचाच कागद घेऊन आलोय. तुम्हाला वाचता येतं ना?”

पेणमध्ये हौसाला हा प्रश्न विचारणारा माणूस तिला निम्मी तिथेच जिंकतो. तिनं ओला हात पदराला पुसला आणि कागद घेतला. वर ठळक, मोठ्या अक्षरांत तीन शब्द होते. हौसानं ते शाळेत वाचायची तसे, एकेक सुटा करून, पारीला ऐकू जाईल असे वाचले.

“ना. हरकत. पत्र.”

खाली मुंगीएवढं बारीक अक्षर होतं. हौसानं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. ‘सदरहू’पाशी अडली. पुढच्या ओळीत ‘बंद करणेकामी’ असं काहीतरी दिसलं, तिथे पुन्हा अडली. पण मुद्दा तर वरच लिहिला होता. आमच्याकडे मुलीला स्थळ पसंत नसलं की ती काय म्हणते? ‘ना’ म्हणते. ‘ना’ म्हणजे ना.

“म्हंजे आमची ना हाय, आमची हरकत हाय, त्याचं ह्ये पत्र. व्हय ना?”

विशालचा हात पैसे काढायला खिशात गेला होता, तो खिशातच राहिला. एवढं पारीनं पाहिलं. मग तो हसून म्हणाला, “हो मावशी. सुरुवातच ‘ना’नं आहे.”

यावर काय म्हणावं? त्याला खोटं बोलावंसुद्धा लागलं नाही. बाईनं स्वतःच्या पायानं विहिरीकडे चालत यावं आणि त्यानं फक्त जरा बाजूला सरकून वाट द्यावी, असं झालं.

“सगळ्यांच्या सह्या घ्या,” तो म्हणाला. “जितक्या जास्त, तितकं चांगलं. गुरुवारी नेतो.”

हौसानं पहिली सही ठोकली. ‘हौसा हैबतराव’, वर रेघ मारून. मग पारीला म्हणाली, “दे गो अंगठा.”

पारीनं हात मागे घेतला. “मी कागदावर आंगठा देत नाय. माज्या बापानं येकदा दिलता, डोंगरावर आमी नाचनी पिकवायचो ती दळीची जमीन गेली. कागदात काय लिवलंय त्ये लिवनाऱ्यालाच म्हाईत.”

“मी वाचलंय ना! माज्यावर भरोसा नाय तुजा?”

पारीनं तिच्याकडे बघितलं. मग अंगठा दिला.

पुढच्या तीन दिवसांत हौसानं स्वतःला आणि पारीला धरून सतरा जणी गोळा केल्या. वाडीतल्या सात, विकायला बसणाऱ्या चार, कारखान्यांतल्या सहा. कारखान्यातल्या दोघी-तिघींना वाचता येत होतं, पण गाडीतून उतरून धावपळीत कोण वाचतंय? हौसामावशी सांगते म्हणजे झालं. एकीच्या अंगठ्याला मुकुटाचा सोनेरी रंग लागलेला होता. तिचा ठसा सोनेरीच उमटला. रिक्षावाला रघू तेवढा कागद वरपासून खालपर्यंत वाचून म्हणाला, “मला नको मावशी. तुमचंच असू द्या.” आणि हसला. वाट बंद झाली तर वळशाचं भाडं कोणाला मिळणार होतं, हे वेगळं सांगायला नको. हौसाला वाटलं, भित्रा आहे मेला.

हे सगळं करताना घरी तिनं सुनेला विचारलं नाही. सून प्रणिता बी.ए. आहे, पेणच्याच एका दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसते. पण सून बी.ए. आणि सासू चौथी, तेव्हा कागद घेऊन सुनेपुढे जाणं म्हणजे घरातली पायरी बदलणं. खरं कारण तेच. हौसा ते आजही कबूल करत नाही.

१८ फेब्रुवारी २०२५ला वाटेच्या तोंडाशी विटांचा ट्रक आला. हौसा बिरडं विकत बसली होती. गवंड्यांना म्हणाली, “बांदा, बांदा. आमी सतराजणींनी ना लिवून दिलीय. उद्या तुमच्याच हातानं पाडाल.” दोन दिवस ती ऐटीत होती. तिसऱ्या दिवशी भिंत कमरेएवढी झाली आणि मध्ये फाटकापुरती जागा उरली, तेव्हा ती उठली. पारी, वाडीतल्या बायका आणि कारखान्यातल्या चौघी, अशी वरात घेऊन ती सोनचाफ्याच्या ऑफिसात गेली.

विशाल उठला नाही. त्यानं प्लॅस्टिकच्या पाकिटातला कागद काढला आणि टेबलावर ठेवला, अक्षरं हौसाकडे करून.

“मावशी, तुम्हीच तर परवानगी दिलीत. ना हरकत पत्र. म्हणजे आमची हरकत नाही.” मग गोड आवाजात सगळं वाचलं. ‘सदरहू खाजगी मिळकतीतील ये-जा कायमस्वरूपी बंद करणेकामी आम्हां खाली सह्या करणारांची कोणतीही तक्रार नाही.’ “आणि पहिली सही तुमचीच आहे.”

सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. एकजण हसली, हसू आलं म्हणून नाही, घाबरून. दारात उभा असलेला रघू मात्र खरंच हसला. “काय मावशी! ना ना करता हो म्हणून बसलीस! ना-मावशी आमची!”

हौसाला जे लागलं ते हे नाही. तिनं पारीकडे बघितलं, तर पारी स्वतःचा अंगठा बघत होती. बोलली एकच वाक्य. “बापाला तरी सावकारानं फशिवलं. मला तू.”

दुसऱ्या दिवसापासून पारीचं फडकं चार हात लांब गेलं.

हौसा घरी आली तेव्हा वाल भिजत घातलेले होते. तिनं ते पाण्यासकट अंगणात फेकले. प्रणितानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आई, मला का नाही विचारलंत?”

“तू पन त्याच्यासारकी गोड बोलू नको!” हौसा ओरडली. “मला वाचता येतंय! मी इचारलं त्याला. तोंडावर इचारलं. त्यानं व्हय म्हटलं!”

“मग तेच लिहू,” प्रणिता म्हणाली. रागानं तिचाही चेहरा लाल झाला होता. दवाखान्यात रोज किती लोक न वाचता सह्या करतात ते ती बघत होती. तिनं तहसील कचेरीत द्यायचा अर्ज लिहिला. वाट जुनी वहिवाटीची आहे, सह्या फसवून घेतल्या आहेत, म्हणून ते पत्र रद्द समजावं. कचेरीतून उत्तर आलं: ९ एप्रिलला सुनावणी, सह्या करणाऱ्यांनी जातीनं हजर राहावं.

मधल्या दिवसांत लोखंडी फाटक आलं. ज्या सकाळी ते बसवायचं होतं, त्या सकाळी हौसा गाडीतून उतरली आणि भिंतीतल्या मोकळ्या जागेत, अगदी मध्यावर टोपली ठेवून बसली. गवंडी म्हणाला, मावशी उठा. वॉचमन म्हणाला, मावशी उठा. विशाल येऊन म्हणाला, “मावशी, असं करू नका, तुमच्याबद्दल आम्हाला आदर आहे.”

“तुजा आदर तुज्या सोसायटीच्या टाकीत टाक,” हौसा म्हणाली. “नि बिरडं मागायला पुन्ना आलास तर मापटं घालीन टाळक्यात. हात लाव मला. लाव ना! सुरुवातच ‘ना’नं हाय.”

हात कोणी लावला नाही. फाटक भिंतीला टेकून राहिलं. त्या दिवसापासून हौसा रोज तिथेच बसू लागली. माणसं तिच्या दोन्ही अंगांनी वाट काढून जात. बिरडं कमी खपे, कारण सोनचाफ्यातल्या बायकांना सोसायटीनं बंदी घातली होती. हौसा उरलेलं बिरडं घरी नेई आणि सलग बारा दिवस घरात दोन्ही वेळा तेच शिजलं.

पण सुनावणी तिच्या एकटीवर चालणार नव्हती. बाकीच्या सगळ्या यायला तयार झाल्या, पारी होईना. हौसा तीनदा वाडीवर गेली. तिसऱ्या वेळी पारी दारातच कंद खरवडत बसली होती.

“पुन्ना कागद व्हनार?” तिनं मान वर न करता विचारलं.

“व्हनार.”

“पुन्ना आंगठा?”

“व्हय.”

“पयला परत आन, मंग दुसरा देते.”

हौसा संतापली. “वाट माजी येकटीची हाय काय? उद्या तुज्या सुनेला कळा सुटल्या तर दीड किलोमीटर वळसा घालून नेशील? माज्यावर राग हाय तर माज्यावर काड. वाटेवर कशाला?”

“राग वाटेवर नाय.” पारीनं कोयता खाली ठेवला आणि पहिल्यांदाच वर तिच्याकडे बघितलं. “तू म्हनलीस, मी वाचलंय. न वाचता म्हनलीस. चोराला पकडला, म्हनलीस. फाटलेल्या कागदावर. तवाच मला कळायला पायजे व्हतं.”

हौसा उन्हातून परत आली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा राग विशालवरून उठून स्वतःवर बसला, आणि तो तिथे जास्त जळत होता.

९ एप्रिल, बुधवार. कचेरीत वर पंखा, खाली सोळा बायका. पारी नव्हती. साहेब तरुण होते, बरे होते. विशाल वकिलाला घेऊन आला होता. वकील म्हणाला, सह्या राजीखुशीनं झाल्यात, अर्जदार बाई वाचू शकतात, त्यांनी स्वतः वाचून सही केली.

साहेबांनी हौसाला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात समजावलं. “आजी, सोपा मार्ग सांगतो. तुम्ही जबाब द्या की तुम्ही निरक्षर आहात, कागद वाचता आला नाही. मग हे पत्र टिकत नाही. फसवलं म्हणालात तर ते सिद्ध करावं लागेल. साक्षीदार लागेल.”

“निरक्षर म्हंजे?”

“लिहिता-वाचता न येणारी.”

विशाल खाली बघून हसत होता. हौसाला ते दिसलं. सोपं होतं. एक शब्द लिहू द्यायचा, वाट मोकळी. चौथी पास, चौदा मुलांत तिसरा नंबर, पाटीवर मास्तरांनी दिलेला शेरा, सगळं त्या एका शब्दाखाली पुरायचं. तिनं मागे बघितलं. पंधरा बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या. सोनेरी अंगठ्यावालीच्या हाताला आज निळा रंग होता.

“लिवा,” हौसा म्हणाली. “लिवा काय लिवायचं त्ये.”

“नको लिवू.”

दारात पारी उभी होती. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. मोठ्या रस्त्याच्या वळशानं, चालत आलेली. मुद्दाम. हौसा राखत होती त्या वाटेनं यायचं नव्हतं तिला.

“तिला वाचता येतंय,” पारी साहेबांना म्हणाली. “थोडं येतंय, लय येतंय म्हनून मिरवते. पन येतंय. तिनं ह्याला इचारलं, आमची ना हाय, हरकत हाय, व्हय ना? मी बाजूला बसलेली. ह्याचा हात खिशात व्हता. ह्यो म्हनला, हो मावशी, सुरुवातच ‘ना’नं आहे. असाच, हसून म्हनला. ह्यो उबा हाय समोर, इचारा.”

साहेबांनी विशालकडे बघितलं. “तुम्ही असं म्हणालात?”

“म्हणजे… सर… शब्दशः ते खरंच आहे. ‘ना’नंच सुरुवात होते.” वकिलानं त्याच्या कोपराला हात लावला, पण तोवर ते बोलून झालं होतं.

साहेबांनी कारकुनाला जबाब लिहून घ्यायला सांगितला, आणि हे प्रकरण निकाली निघेपर्यंत फाटक बसणार नाही, असं विशालला बजावलं. विशाल काहीतरी नियम सांगू लागला, तेव्हा साहेब म्हणाले, “नियम मला माहीत आहेत. तुम्ही बसा.”

जबाबाचा कागद पुढून-मागून दोन्ही बाजूंनी भरला. कारकुनानं तो हौसापुढे सरकवला आणि खालच्या रेघेवर बोट ठेवलं. “इथे सही करा, आजी. नि तुम्ही इथे अंगठा.”

पारीनं हात कमरेवर ठेवला आणि हौसाकडे बघितलं. वाडीच्या दारात बघितलं होतं तसंच. त्यात माफी नव्हती.

हौसानं प्रणितानं घेऊन दिलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. कागद उचलला. आणि पहिल्या अक्षरापासून, बोट लावून, मोठ्यानं वाचायला लागली. “स-द-र-हू.” थांबली. “सदरहू म्हंजे काय?”

“म्हणजे… हे, वर सांगितलेलं,” कारकून म्हणाला.

“मंग तसं लिवायला काय झालं व्हतं? पुडं.” ती वाचत राहिली. ‘अर्जदार’ विचारलं, ‘मिळकत’ विचारलं, ‘करणेकामी’ आलं तेव्हा तिनं विशालकडे एकदा बघून घेतलं आणि ते दोनदा वाचलं. जेवणाची सुट्टी झाली. बाहेर डबे उघडल्याचा वास यायला लागला. वकिलानं घड्याळ बघितलं. कारकुनानं जांभई दिली. बायका भिंतीला टेकून खाली बसल्या. पारी उभीच होती. अर्ध्या तासानं पहिलं पान संपलं, तसा विशाल खुर्ची सरकवून उठला.

“झालं ना आता, मावशी? सही करा.”

“बस खाली,” हौसा म्हणाली आणि कागद उलटला. “मागची बाजू हाय अजून.”